संस्थेचे प्रतिक्रमण : आत्मपरीक्षणाच्या जैन परंपरेचा ऐतिहासिक मागोवा

कोणत्याही सार्वजनिक संस्थेच्या जीवनात सुवर्ण महोत्सव हा आनंदाचा आणि कृतज्ञतेचा प्रसंग असतो. ज्यांनी पहिली वर्गणी गोळा केली, ज्यांनी स्वतःची दुकानदारी सांभाळून संध्याकाळी न्यासाच्या चोपड्या लिहिल्या, ज्या माता-भगिनींनी पर्युषणात पहाटेपासून अतिथींची व्यवस्था पाहिली, त्या सर्वांचे स्मरण अशा प्रसंगी होते आणि ते व्हायलाच हवे. स्मरणिकेची पाने प्रामुख्याने त्यासाठीच असतात. परंतु आपल्या भाषेत अशा प्रसंगासाठी ‘सिंहावलोकन’ हा एक अर्थपूर्ण शब्द रूढ आहे. सिंह चालता चालता थांबतो व मान वळवून आलेली वाट न्याहाळतो, तसे मागे पाहणे, असा त्याचा अर्थ. त्या वाटेवर केवळ फुलेच असतात असे नाही. काही ठिकाणी आपण वळण चुकलेलो असतो, काही ठिकाणी विनाकारण थांबलेलो असतो. तीही पाहिली तरच ते अवलोकन पूर्ण होते.

संस्थेने व तिच्या नेतृत्वाने स्वतःचे मूल्यमापन प्रामाणिकपणे करावे, हा विचार आजकाल व्यवस्थापनशास्त्राची देणगी म्हणून सांगितला जातो. जगभरातील धर्मसंस्था, मग ती चर्च असोत, मठ असोत वा गुरुद्वारे, या प्रश्नाशी आज झगडत आहेत. जैन समाजाला मात्र हा विचार बाहेरून आणण्याची गरज नाही. तो आपल्या नित्यकर्मात आहे, आपल्या इतिहासात आहे आणि आपल्या विदर्भाच्या मातीतही त्याच्या खुणा आहेत. प्रस्तुत लेखात त्या खुणांचा संक्षेपाने मागोवा घेण्याचा प्रयत्न आहे.

आलोचनेचे शास्त्र

सामायिक, चतुर्विंशतिस्तव, वंदना, प्रतिक्रमण, कायोत्सर्ग आणि प्रत्याख्यान ही सहा आवश्यके दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य आहेत. त्यांपैकी प्रतिक्रमण म्हणजे मर्यादेबाहेर गेलेल्या आत्म्याने परत स्वस्थानी येणे. दैवसिक, रात्रिक, पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक असे त्याचे कालभेद आहेत. व्यापाऱ्याने रोजमेळ रोज मिळवावा, पंधरवड्याने खाते तपासावे आणि वर्षाअखेरीस ताळेबंद मांडावा, तशी ही रचना आहे. परिशोधन मोठ्या प्रसंगापर्यंत लांबवू नये, हे आपल्या पूर्वाचार्यांनी फार पूर्वी ओळखले होते.

प्रतिक्रमणाच्या आधीची पायरी आलोचनेची. गुरूसमोर आपला दोष लपवाछपवी न करता सांगणे ही आलोचना. विशेष असे की, दोष सांगतानाही माणूस कशी चतुराई करतो, याचा सूक्ष्म विचार शास्त्रकारांनी केला आहे. आलोचनेचे दहा दोष आगमसाहित्यात व आराधनाग्रंथांत सांगितले आहेत : आकंपित, अनुमानित, दृष्ट, बादर, सूक्ष्म, छन्न, शब्दाकुलित, बहुजन, अव्यक्त आणि तत्सेवी. हे दोष साधूच्या संदर्भात सांगितलेले असले तरी कोणत्याही संस्थेच्या वार्षिक सभेला ते जसेच्या तसे लागू पडतात.

गुरूंची सेवा करून, त्यांना प्रसन्न करून मग दोष सांगणे म्हणजे आकंपित. हेतू हा की प्रायश्चित्त सौम्य मिळावे. सभेत आधी सत्कार आणि भोजन, व मग घाईघाईने हिशेबाचे वाचन, हा त्याचाच प्रकार नव्हे काय ? आपण दुर्बल आहोत असे सुचवून दंडाचा अंदाज घेणे म्हणजे अनुमानित. ‘आम्ही सगळे बिनपगारी सेवा करणारे, चूकभूल व्हायचीच’ हे वाक्य कोणत्या सभेत ऐकू येत नाही ? इतरांनी पाहिलेला दोष तेवढाच सांगणे हा दृष्ट दोष; हिशेब तपासनीसाच्या नजरेस आले तेवढेच मान्य करायचे. फक्त मोठे दोष सांगून बारीक गाळणे म्हणजे बादर, आणि बारीकसारीक सांगून मोठे झाकणे म्हणजे सूक्ष्म. पंख्याच्या दुरुस्तीच्या खर्चावर तासभर चर्चा होते आणि मोक्याच्या जागेच्या भाडेपट्ट्यावर एक शब्दही निघत नाही, तेव्हा हा सूक्ष्म दोष घडलेला असतो.

दोष आडपडद्याने, अस्पष्टपणे मांडणे म्हणजे छन्न. गलबल्यात सांगणे म्हणजे शब्दाकुलित. एकाने सांगितलेले प्रायश्चित्त जड वाटले म्हणून अनेकांना विचारत फिरणे हा बहुजन दोष. सोयीचा सल्ला मिळेपर्यंत वकील बदलत राहणाऱ्या संस्था आपण पाहतो. ज्याला शास्त्राचे ज्ञान नाही त्याच्यापुढे आलोचना करणे हा अव्यक्त दोष. आणि शेवटचा तत्सेवी, म्हणजे जो स्वतः त्याच दोषात गुंतला आहे त्याच्यापुढेच जाऊन दोष सांगणे. ज्याची चौकशी करायची, त्याच्याच भागीदाराला चौकशी समितीवर नेमणे याहून वेगळे काय असते ?

ही यादी ज्यांनी केली त्यांना मनुष्यस्वभावाचे ज्ञान होते. आत्मपरीक्षण न करणे हा एक धोका, पण आत्मपरीक्षणाचे सोंग करणे हा त्याहून मोठा धोका आहे, हे त्यांनी जाणले होते.

संघाने स्वतःला विचारलेले प्रश्न

व्यक्तीच्या आलोचनेप्रमाणे संघाच्या आलोचनेचीही परंपरा आपल्याकडे आहे. जैन धर्माचा इतिहास हा बाह्य आघातांइतकाच अंतर्गत सुधारणांचाही इतिहास आहे.

श्वेतांबर परंपरेत एके काळी चैत्यवासी साधूंचे प्राबल्य झाले. विहार सोडून मंदिरातच राहणे, देवद्रव्याचा उपभोग घेणे, अशा शिथिलतेवर आचार्य हरिभद्रसूरींनी कठोर टीका केली. ती टीका परकीयाची नव्हती, संघातल्याच श्रेष्ठ आचार्यांची होती. पुढे अकराव्या शतकात पाटण येथे दुर्लभराजाच्या सभेत जिनेश्वरसूरींनी चैत्यवासींशी वाद केल्याची परंपरा खरतर गच्छात सांगितली जाते. पंधराव्या शतकात अहमदाबादेत आगमांच्या प्रती लिहिता लिहिता लोंकाशहांना ग्रंथातील आचार व डोळ्यांसमोरचा आचार यांतील अंतर जाणवले. त्यांच्या निष्कर्षांविषयी आपल्यात मतभेद आहेत व ते राहतील. परंतु मूळ ग्रंथ समोर ठेवून आपले आचरण तपासण्याची त्यांची पद्धत कोणालाही नाकारता येणार नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर न्यासपत्र उघडून वर्षभराचे काम त्याच्याशी ताडून पाहावे, तसे ते होते.

आग्र्याचे कवी बनारसीदास (जन्म १५८६, जौनपूर) यांचे उदाहरण गृहस्थांसाठी अधिक जवळचे आहे. श्रीमाळ कुळातील हा व्यापारी. १६४१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ‘अर्धकथानक’ हे पद्य आत्मचरित्र लिहिले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून अर्ध्या आयुष्याची ही कथा, म्हणून हे नाव. हिंदीतील हे पहिले आत्मचरित्र मानले जाते. त्यात व्यापारातील बुडीत खाती आहेत, तारुण्यातील स्वैर वागणूक आहे, अपत्यांच्या मृत्यूचे दुःख आहे. ग्रंथाच्या अखेरीस कवीने आधी आपले गुण व मग आपले दोष क्रमाने नोंदवले आहेत आणि दोषांत लक्ष्मीचा लोभ लपवलेला नाही. जमा आणि नावे या दोन्ही बाजू एकाच पानावर मांडणारा हा खरा व्यापारी म्हटला पाहिजे. पुढे उत्तर भारतातील दिगंबर समाजात भट्टारकांच्या अधिकाराला प्रश्न विचारणारी जी चळवळ उभी राहिली, तिच्या प्रेरणास्थानांत बनारसीदासांचे नाव अग्रभागी आहे.

कारंज्याचा धडा

दारव्ह्याच्या पलीकडे, यवतमाळ–मूर्तिजापूर या अरुंद लोहमार्गावरचे कारंजा हे आपल्या जिल्ह्याच्या सीमेलगतचे गाव, आज वाशीम जिल्ह्यात मोडते. विदर्भातील जैन इतिहासात त्याचे स्थान अनन्य आहे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरे तेथे आहेत व भट्टारकांची पीठे तेथे नांदली. राजकीय अस्थिरतेच्या शतकांत भट्टारकांनी ग्रंथ सांभाळले, प्रतिष्ठा केल्या, तीर्थयात्रांचे संघ काढले, मराठीतून जैन साहित्यनिर्मितीला आश्रय दिला. हे ऋण विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल.

तथापि कालांतराने पीठाभोवती संपत्ती जमा झाली, अधिकार एका व्यक्तीत एकवटला आणि प्रश्न विचारण्याची सवय मावळत गेली. उत्तराधिकाऱ्याची तयारी झाली नाही तेथे गादी रिकामी पडली. एके काळी समाजाचा आधार असलेली व्यवस्था विदर्भात क्षीण झाली, याचे कारण केवळ काळाचा महिमा असे म्हणून भागणार नाही.

पण कारंज्याने या ऱ्हासाला दिलेले उत्तरही तितकेच मननीय आहे. १९१८ साली तेथे महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झाली आणि पुढे आचार्य समंतभद्र महाराज म्हणून वंदनीय ठरलेल्या विभूतीने शिक्षणाची नवी परंपरा सुरू केली. मंदिरांतील बंद कपाटे अभ्यासकांसाठी उघडली गेली. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तिच्यात कारंज्याच्या भांडारांना मोठे स्थान मिळाले. अमरावतीच्या महाविद्यालयात अध्यापन करणारे प्राध्यापक हिरालाल जैन व डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्या संपादनाखाली कारंजा ग्रंथमालेतून पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ (१९३१) व ‘णायकुमारचरिउ’ (१९३३) यांसारखे अपभ्रंश ग्रंथ प्रकाशात आले. १९३९ पासून अमरावतीहूनच षट्खंडागमाच्या धवला टीकेचे प्रकाशन सुरू झाले. शतकानुशतके केवळ दर्शनासाठी असलेला ग्रंथ वाचनासाठी खुला झाला.

१९५८ साली डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांचा ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रसिद्ध केला. मूर्तिलेख, ग्रंथप्रशस्ती, पट्टावली यांतील नोंदी शाखावार एकत्र करून त्यांनी या संस्थेचा इतिहास मांडला. विदर्भाच्याच एका जैन अभ्यासकाने आपल्याच परंपरेचा असा साधार हिशेब मांडावा, ही संस्थात्मक आलोचनेची उत्तम पद्धत होय. निंदा नाही, स्तुती नाही; लेख काय सांगतो तेवढेच.

धर्मादा, कायदा आणि न्यायालय

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. वणी, पुसद, दारव्हा, राळेगाव, पांढरकवडा येथील बाजारपेठांत कापसाच्या व्यवहाराबरोबर धर्मादा कापून ठेवण्याची रूढी जुनी. व्यापाऱ्याच्या वहीत ‘धर्मादा खाते’ वेगळे असे. त्यातून पाणपोया, धर्मशाळा, पांजरपोळ, पाठशाळा उभ्या राहिल्या. पण त्या खात्यातील रक्कम कोणाची, हा प्रश्न कायम होता. शेतकऱ्याकडून कापलेली, व्यापाऱ्याच्या नावे दिलेली आणि कधी कधी व्यापाऱ्याच्याच भांडवलात फिरणारी ती रक्कम होती. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ५४ ने याचे स्पष्ट उत्तर दिले. रूढीप्रमाणे आकारलेला धर्मादा ज्याच्याकडे जमा होतो, त्याच्याकडे तो विश्वस्त या नात्यानेच राहतो व त्याचा हिशेब द्यावा लागतो.

हा कायदा आला तेव्हा आपला जिल्हा मध्यप्रदेशात होता व तेथे १९५१ चा स्वतंत्र न्यास कायदा होता. पुढे राज्यरचना बदलली आणि मुंबईचा कायदा विदर्भालाही लागू झाला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तोच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणून ओळखला जातो. न्यासाची नोंदणी, विश्वस्त वा मालमत्तेतील बदलाची कळवणी, नियमित हिशेब, लेखापरीक्षण, स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी परवानगी ही त्याची मुख्य अंगे.

या कायद्याला न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत एक जैन वहिवाटदार होते, ही गोष्ट आपल्यातील फार थोड्यांना ठाऊक असेल. पंचमहाल जिल्ह्यातील वेजलपूर येथील जैन मंदिराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी यांचे अपील सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्याच्यासोबत मुंबईच्या पारशी पंचायतीच्या विश्वस्तांचेही अपील होते. १८ मार्च १९५४ रोजी न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी निकाल दिला. धर्माचरणात राज्याला ढवळाढवळ करता येणार नाही. पण धर्मसंस्थेच्या मालमत्तेच्या कारभारावर कायद्याने नियमन करता येते, असा भेद न्यायालयाने केला. मात्र कारभार संस्थेच्या हातून पूर्णपणे काढून तो धर्मादाय आयुक्ताकडेच सोपवणारी तरतूद, तसेच देणगीदाराचा मूळ धार्मिक हेतू पार पाडता येत असतानाही निधी अन्यत्र वळवण्याची मुभा देणारा भाग न्यायालयाने अवैध ठरवला.

या निकालाचे दोन अर्थ विश्वस्तांनी नीट समजून घ्यावेत. आपला कारभार आपल्या हाती राहण्याचा हक्क आहे, हा पहिला. आणि त्या कारभाराचा हिशेब देण्याचे बंधन आहे, हा दुसरा. पहिल्याचा अभिमान बाळगायचा आणि दुसऱ्याला जाच समजायचे, असे चालणार नाही. शिवाय कायदा केवळ किमान मर्यादा सांगतो. लेखापरीक्षक पावत्या मिळतात की नाही ते पाहतो. पाठशाळेत मुले येतात की नाही, ते पाहत नाही. ते पाहणे समाजाचे काम आहे.

शिरपूरचे कुलूप

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथांचे स्मरण प्रत्येक वैदर्भीय जैनाच्या मनात आहे. १९०५ साली पूजेच्या वेळांबाबत दोन्ही संप्रदायांत समझोता झाला होता. तो टिकला नाही. १९१० साली दावा दाखल झाला, तो अकोल्याहून नागपूरमार्गे थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला व १९२९ साली तेथे निकाल झाला. तरीही वाद शमला नाही. १९८१ पासून मंदिराला कुलूप राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये ते उघडले. चार दशकांहून अधिक काळ भाविक झरोक्यातून दर्शन घेत राहिले.

यात कोणाची बाजू खरी, हा या लेखाचा विषय नाही. तो न्यायालयाचा विषय आहे. आपण विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. अनेकांताची शिकवण जगाला सांगणाऱ्या समाजाच्या नेत्यांनी या शंभर वर्षांत किती वेळा समोरच्याच्या जागी उभे राहून पाहिले ? वादावर झालेला खर्च कोणत्या खात्यात टाकायचा ? त्या काळात ज्या मुलांनी मोकळ्या गाभाऱ्यात मूर्ती कधी पाहिलीच नाही आणि जी आता प्रौढ झाली, त्यांच्या हानीची नोंद कोणत्या ताळेबंदात होईल ? दोन्ही बाजूंच्या धुरीणांनी आपापल्या घरात बसून हा हिशेब मांडला, तरी पुढील पिढीचे भले होईल.

पद आणि विवेक

नेतृत्वाच्या आत्मभानाचे एक उदाहरण याच जिल्ह्याने देशाला दिले. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० साली वणीचा. १९३० साली पुसद येथे जंगल सत्याग्रह करून त्यांनी कारावास पत्करला. १९३३ साली ते काँग्रेसचे कार्यवाहक अध्यक्ष असताना सामुदायिक सविनय कायदेभंग थांबवण्याचा कटू निर्णय जाहीर करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. आंदोलनाची शक्ती ओसरली आहे, हे पुढाऱ्याने अनुयायांना स्पष्ट सांगणे सोपे नसते. १९४१ साली त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात पद स्वीकारले, त्यावर त्यांच्याच अनेक सहकाऱ्यांनी टीका केली. मात्र फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या काळात सरकारची भूमिका आपल्या विवेकाला पटत नाही, हे पाहून होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह त्यांनी राजीनामा दिला. पद घेणे योग्य होते की नाही, यावर दुमत असू शकते. पण पद आणि विवेक यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी पदाला चिकटून राहण्याची सबब शोधली नाही.

पुढील पन्नास वर्षांसाठी

या इतिहासातून आपल्या न्यासापुढे काही साधे प्रश्न उभे राहतात. न्यासपत्रात लिहिलेल्या उद्देशांपैकी कोणते पूर्ण झाले, कोणते अर्धवट राहिले आणि कोणत्यांना कधी हातच लागला नाही ? नोंदणीपुस्तकातील मालमत्ता व प्रत्यक्ष मालमत्ता यांचा मेळ आहे काय ? दिवंगत विश्वस्तांची नावे कमी करण्याचे बदल अर्ज वेळेवर गेले काय ? विश्वस्त मंडळात महिलांना आणि चाळिशीच्या आतील तरुणांना कामापुरते स्थान आहे की निर्णयातही आहे ? शिक्षणासाठी पुणे, नागपूर वा परदेशी गेलेली मुले परत आली नाहीत, तर किल्ल्या कोणाच्या हाती द्यायच्या ? ज्या सभासदाने सभेत अडचणीचा प्रश्न विचारला, तो पुढच्या सभेला आला काय ? नसेल, तर का नाही ?

यांची उत्तरे एखाद्या समितीने बंद खोलीत द्यावीत असे नाही. वर्षातून एक सभा केवळ यासाठी असावी. तिच्यात सत्कार नसावा, भोजन नसावे, आणि पूर्वी सांगितलेले आलोचनेचे दहा दोष सभेच्या आरंभी वाचून दाखवावेत. अहवालात जसे ‘झालेली कामे’ हे पान असते, तसे ‘राहिलेली कामे’ हेही एक पान असावे.

सांवत्सरिक प्रतिक्रमणानंतर, क्षमावाणीच्या दिवशी आपण एकमेकांना हात जोडून मनोभावे क्षमा मागतो. ती क्षमा व्यक्ती व्यक्तीची असते. पण संस्थाही चुकते. एखाद्या विद्यार्थ्याचा साहाय्याचा अर्ज उत्तराविना पडून राहतो, एखाद्या विधवा भगिनीला कार्यालयात दहा खेटे घालावे लागतात, एखाद्या जुन्या सेवकाचा निरोपसमारंभही होत नाही. त्यांची क्षमा कोण मागणार ? विश्वस्त मंडळाने त्या दिवशी संस्थेच्या नावाने, झालेल्या चुका शक्य तेथे नेमक्या शब्दांत सांगून, समाजाची क्षमा मागण्याचा प्रघात सुरू केला, तर सुवर्ण महोत्सवाची ती सर्वांत टिकाऊ आठवण ठरेल. संगमरवरी फलकावरील अक्षरे पुसट होतात. कारभाराची सवय मात्र पिढ्यान् पिढ्या चालते.

संस्थापकांनी आपल्या हाती एक विश्वास सोपवला. तो वाढवून, त्याची उजळणी करून, त्यातील तूट न लपवता पुढच्या हाती देणे, हीच त्यांना खरी आदरांजली होय.

जय जिनेंद्र.